‘लाइन’ म्हणजे नक्की कुठली लाइन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा आणि प्रत्येक वेळी वेगळाच अर्थ दाखवणारा हा शब्द. शेतकरी, गवंडी, फिटर, विद्यार्थी, दुकानदार या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. विजेच्या लाइनीची मुद्दाम लांबवली आहेत, कारण तिथे अर्थाची गफलत जिवावर येते.

हा शब्द मुळात आला कुठून?

जवसातून. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनुम’ म्हणतात आणि जवसाच्या धाग्याच्या दोरीला ‘लिनेआ’. त्या दोरीची इंग्रजीत लाइन झाली. वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव आजही लिनम युसिटाटिसिमम असंच आहे. आपल्याकडे जवस घेतात ते बियांसाठी. भाकरीबरोबर चटणी होते ती याच बियांची, आणि कानडी शेजारी तिलाच अगशीची चटणी म्हणतात. युरोपात याच झाडाच्या खोडातून तंतू काढून कापड विणत, ते लिनन. बॅटला चोळतात ते लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचं तेल. जुन्या घरांत जमिनीवर अंथरायचं लिनोलियम याच तेलापासून बनायचं. कोटाच्या आतलं लायनिंगही त्याच घराण्यातलं, कारण पूर्वी अस्तर लिननचं लावत.

एकदा ‘दोरी’ हा मूळ अर्थ धरला की बाकीचे आपोआप उलगडतात. दोरी ताणली की रेघ झाली. रेघेवर माणसं उभी केली की रांग झाली. रेघेच्या अंगाने चालत गेलं की वाट झाली.

मग मराठीत एकच प्रतिशब्द का चालत नाही?

कारण हे चारही अर्थ मराठीने आधीच वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवले होते. दोरी किंवा तार, रेघ किंवा ओळ, रांग, वाट किंवा मार्ग. कुठलीही ‘लाइन’ समोर आली की आधी विचारावं, ही दोरी आहे, रेघ आहे, रांग आहे की वाट आहे? रेशन दुकानापुढची लाइन रांग आहे. वहीतली रेघ किंवा ओळ आहे. चार रेघी वहीला कुणी चार लाइनी वही म्हणत नाही, हे बरंच आहे. खांबावरची लाइन तार आहे. ‘आमची गाडी गोवा लाइनला असते’ यातली लाइन म्हणजे वाट.

उत्तर सापडलं आणि मराठी शब्द तोंडात सहज बसला तर तो वापरावा. बसत नसेल तर लाइनच बरी. पोस्टातल्या रांगेला रांग म्हणायला काहीच अडत नाही, पण पंपाच्या पाइपलाइनीला ‘नलिकामार्ग’ म्हटलं तर प्लंबर यायचाच नाही. दोन राज्यांमधल्या सीमेला मात्र इथे कुणी लाइन म्हणत नाही. ती सीमा, हद्द, फार तर बॉर्डर.

‘लाइट गेली’, ‘करंट गेला’, ‘लाइन गेली’ यांत फरक आहे का?

घरातल्या बोलण्यात नाही. ‘काय वो, लाइन आली काय?’ आणि ‘करंट आला काय?’ हा एकच प्रश्न. ‘करंट’ कानडीतही तसाच आहे, म्हणून तो बेळगाव शहरात जास्त ऐकू येतो. शेतावर मात्र फरक पडतो. तिथे ‘लाइट आहे, लाइन नाही’ असं वाक्य होऊ शकतं आणि ते बरोबरही असतं. घरातले दिवे पेटलेत, म्हणजे एक फेज (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक) आहे, पण पंपाला लागणारा थ्री फेज पुरवठा नाही, असा त्याचा अर्थ. पंपवाल्याची लाइन म्हणजे तीनही फेज.

हद्दीच्या दोन बाजूंना शब्द बदलतात, तेही माहीत असावेत. महाराष्ट्राच्या बाजूला शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, कर्नाटकात टीसी. तिकडे बिलावर ग्राहक क्रमांक असतो, इथे हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलावर आरआर नंबर. तिकडचा वायरमन इथे लाइनमन, आणि त्याच्या पदाचं सरकारी नाव पवरमन. तक्रार १९१२ वर करताना आरआर नंबर, गाव आणि टीसी कुठल्या शेताजवळ आहे एवढं सांगितलं की काम लवकर होतं. ‘आमच्याकडे लाइन नाही’ एवढ्यावर समोरच्याला काहीच कळत नाही. एक घर, एक गल्ली की अख्खं गाव, हे आधी बघून ठेवावं.

लाइन आहे, पण बल्ब मंद. शेजारी मात्र सगळं ठीक. असं का?

दोन शक्यता आहेत आणि दोन्हींत वागायचं वेगळं.

पहिली: टीसीच्या ११ के.व्ही. बाजूच्या तीन फ्यूजपैकी एक गेला. अशा वेळी एका फेजवरच्या घरांना पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि उरलेल्या दोन फेजवर साधारण निम्मेच येतात. म्हणून गावातली काही घरं उजेडात आणि काही मंद दिसतात. बरेच एलईडी दिवे निम्म्या व्होल्टेजलाही चांगले पेटतात, त्यामुळे बिघाड कळतच नाही. फ्रिज मात्र घुमतो, चालू होत नाही आणि काही वेळात त्याचा कॉम्प्रेसर जळतो. पंखा रेंगाळायला लागला की आधी फ्रिज बंद करावा.

दुसरी: न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला. ही जास्त वाईट. काही घरांत व्होल्टेज घसरतं आणि काहींत चढतं, अगदी ४०० च्या जवळसुद्धा जाऊ शकतं. दिवा एकाएकी प्रखर झाला, पंखा वेगाने फिरू लागला की विचार करत बसू नये, मेन स्विच खाली ओढावा. टीव्ही, मोबाइल चार्जर, मीटर सगळं त्यातच जातं.

दोन्हींत टीसीवर स्वतः चढून फ्यूज घालायचा नाही. ‘अण्णा, मी रोज घालतो’ म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो. टीसीची बाजू बंद दिसली तरी वरची ११ के.व्ही. जिवंत असते.

पंपाला ‘लाइन उलटी झाली’ म्हणजे काय?

थ्री फेज मोटार कुठल्या दिशेने फिरेल हे तीन फेजच्या क्रमावर ठरतं. खांबावर किंवा टीसीवर दुरुस्ती करताना दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. सबमर्सिबल आत असल्यामुळे दिसत नाही. पाणी एकदम कमी येतं, आवाज बदलतो, पण मोटार चालू असते. उपाय सोपा आहे: मेन बंद करून स्टार्टरवरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलायच्या. तिन्ही फिरवल्या तर क्रम तोच राहतो आणि मोटार पुन्हा उलटीच.

याहून महाग पडतं ते ‘एक लाइन गेली’. तीनपैकी एक फेज गेला तर बंद असलेली मोटार सुरू होत नाही, फक्त घुमते. चालू असलेली फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट करंट ओढते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगवाल्याला मोटार उघडल्याबरोबर कारण कळतं. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइल काळी आणि एक कोरी असते. डेल्टा जोडणीत उलट, एक काळी आणि दोन शाबूत. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर दोष लाइनीचा नाही. मोटारीवर भार जास्त आला होता, किंवा व्होल्टेज कमी होतं, किंवा पाणी संपलं तरी ती कोरडी फिरत राहिली.

यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, बसवतात. घेताना एक विचारून घ्यावं, तो व्होल्टेज बघतो की करंट? फिरती मोटार गेलेल्या फेजवरही स्वतः व्होल्टेज तयार करते. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर फसू शकतो. करंट बघणारा फसत नाही.

दोनच फेज असताना कंडेन्सर लावून पंप ओढण्याची सवय जागोजागी आहे. एखाद्या दिवसाचं पाणी मिळतं हे खरं आहे. पण मोटार तापते, टीसीवर भार असमान पडतो, आणि तो जळाला की सगळ्याच शेतांची लाइन जाते.

‘लाइन क्लिअर’ रेल्वेचं की विजेचं?

दोघांचंही, आणि अर्थ नेमके उलटे.

मिरज–बेळगाव–लोंढा मार्ग एकेरी होता तेव्हा दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडता यायची. देसूरच्या मास्तरने पुढच्या स्टेशनाकडे ‘लाइन क्लिअर’ मागायचं. पुढच्याने ते दिलं म्हणजे मधला टप्पा रिकामा आहे, गाडी आत येऊ द्या. त्याचा पुरावा म्हणून यंत्रातून निघालेलं टोकन ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. टोकनाचा गोळा पिशवीत आणि पिशवी मोठ्या कड्यात अडकवलेली असायची, म्हणजे धावत्या गाडीतून कडं हातात झेलता येई. टोकन नसेल तर सिग्नल पडलेला, म्हणजे ‘जा’ सांगणारा, असला तरी गाडी पुढे जात नसे. म्हणजे रेल्वेत लाइन क्लिअर म्हणजे ‘आता येऊ द्या’.

कर्नाटकातल्या वीज खात्यात हेच दोन शब्द, तोंडी भाषेत ‘एलसी’, बरोबर उलट काम करतात. लाइनीवर माणसं चढणार आहेत, वीज सोडू नका, असं ते परवानगीपत्र. महाराष्ट्रात याला परमिट म्हणतात. एलसी घेण्याची पद्धत अशी असते: कामाचा प्रमुख सबस्टेशनला फीडरचं, म्हणजे तिथून निघणाऱ्या लाइनीचं, नाव सांगून एलसी मागतो. तिथला ऑपरेटर ब्रेकर उघडतो, म्हणजे वीज तोडतो, मग आयसोलेटर उघडतो, लाइन अर्थ करतो, म्हणजे जमिनीला जोडतो, हँडलवर पाटी लावतो, वहीत वेळ, नाव आणि नंबर लिहितो. जागेवर लाइन खरंच मेली का हे तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड टाकायचे, मगच खांबावर चढायचं. काम झाल्यावर माणसं मोजायची, अर्थ काढायचे, आणि ज्याने एलसी घेतली त्यानेच ती परत करायची.

गडबड होते ती तीन ठिकाणी. एकाच खांबावरून दोन फीडर जातात आणि एलसी भलत्याच फीडरची घेतली जाते. एकाने घेतलेली एलसी दुसऱ्याने फोनवरून परत केली जाते. तिसरी गडबड आपल्या घरातून होते. लाइट गेली म्हणून जनरेटर सुरू केला आणि मेन बंद न करता घराच्या वायरिंगला जोडला, तर ती वीज सर्व्हिस वायरने उलटी टीसीत जाते आणि तिथे ११,००० व्होल्ट होऊन खांबावरच्या माणसाला भेटते. जनरेटर असलेल्या प्रत्येक घरात, मंगल कार्यालयात, पिठाच्या गिरणीत चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जनरेटर जोडू नये.

लग्नाच्या बोलणीत ‘पोरीकडून लाइन क्लिअर आहे’ म्हणतात ते रेल्वेच्या अर्थाने.

‘लूप लाइनला टाकलं’ म्हणजे?

स्टेशनात सरळ जाणारा रूळ मेन लाइन, बाजूला वळून पुन्हा मिळणारा लूप लाइन. मागची वेगवान गाडी पुढे काढायची असली की मालगाडी किंवा पॅसेंजर लूपला उभी करतात. कचेरीत एखाद्याला बिनकामाच्या टेबलावर बसवलं की तो लूप लाइनला. शब्द इतका नेमका आहे की मराठी शोधायच्या फंदात पडू नये.

गवंडी म्हणतो ‘लाइन आउट झालं’, फिटर म्हणतो ‘लाइन आउट आहे’. एकच का?

अजिबात नाही. गवंड्याचं लाइन आउट होणं ही चांगली बातमी. नकाशाप्रमाणे भिंतींच्या मधल्या रेघा जमिनीवर आखून झाल्या, आता पाया खणायला घ्या. फिटरचं लाइन आउट असणं म्हणजे बिघाड. दोन शाफ्ट एका रेघेत नाहीत.

गवंड्याचं काम आधी बघू, कारण ‘लाइन’ चा मूळ दोरीचा अर्थ आजही जसाच्या तसा फक्त त्याच्याच हातात आहे. त्याची लाइनदोरी म्हणजे अक्षरशः लिनेआ. ३० बाय ४० च्या साइटवर हे काम फारच सोपं होतं, कारण ३–४–५ चा त्रिकोण दहापट केला की कर्ण बरोबर ५० फूट येतो. पद्धत अशी:

आधी रस्त्याच्या बाजूची ३० फुटांची दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधायची. दोरी पक्की झाली की एका कोपऱ्यातून ४० फूट, दुसऱ्या कोपऱ्यातून ५० फूट असे दोन टेप आत न्यायचे. ते जिथे भेटतात तिथे तिसरा कोपरा. चौथाही असाच काढायचा. मग दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही ५० भरले तर चौकोन खरा. एक कर्ण ६ इंच जास्त आला तर दुसरा तेवढाच कमी येतो, आणि मागचा कोपरा साधारण दहा इंच सरकलेला असतो. फरशी बसवताना शेवटची ओळ तिरकी कापावी लागते ती याच चुकीमुळे, आणि तेव्हा दोष फरशीवाल्यावर जातो. कोपरे पक्के झाले की खुंट्या नुसत्या ठोकून सोडू नयेत. खणताना त्या उखडतात. पायाच्या बाहेर दोन-तीन फुटांवर बुर्ज्या बांधून त्यावर रेघा घ्याव्यात, मगच फक्की मारावी. कापडी टेप ओला झाला की मापं बदलतात, म्हणून स्टीलचा टेप वापरावा.

भिंत चढवताना दोरी विटेला टेकू द्यायची नाही, मध्ये नखाएवढी फट हवी. एका विटेने जरी दोरी ढकलली तरी पुढच्या सगळ्या विटा तिच्या मागे जातात आणि भिंतीला पोट सुटतं. दोरी लांब असेल तर मधोमध झोळ पडतो, तिथे एका विटेचा आधार द्यायचा.

आता फिटर. मोटार आणि पंप कपलिंगने जोडलेले असतात. त्यांचे शाफ्ट एका रेघेत नसले की कपलिंगची रबरं महिन्या-दोन महिन्यांत खातात, बेअरिंग तापतं, ग्लँडमधून पाणी सुटतं. लोक रबरं बदलत राहतात, लाइन कुणी बघत नाही. स्टीलची पट्टी कपलिंगच्या वर आणि बाजूला, चार ठिकाणी लावून उजेड दिसतो का बघायचा, फटीत फीलर गेज घालायचा, मग मोटारीच्या पायाखाली पातळ पत्रे देऊन उंची जुळवायची. बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण आवळताना मोटार हलते. जास्त नेमकं हवं तर डायल गेज. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, डायलशिवाय कुणी बोलतच नाही, पण विहिरीवर पट्टीवर भागतं.

लायनर, लायनिंग, लाइन बोअरिंग हे सगळं एकच का?

लाइन बोअरिंग वेगळं, त्यात ‘एका रेघेत’ हा अर्थ आहे. क्रँकशाफ्ट जिथे बसतो ती सगळी घरं एकाच दांड्याने, एका सेटिंगमध्ये कापतात, म्हणजे ती एका रेघेत येतात.

लायनर आणि लायनिंग मात्र अस्तराच्या अर्थाने. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमधलं बदलता येणारं नळकांडं म्हणजे लायनर. त्याच्या बाहेरून थेट पाणी खेळत असेल तर वेट लायनर, नसेल तर ड्राय. वेट लायनरच्या खालच्या ओ रिंग गेल्या की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. असं दिसल्यावर इंजिन ‘जरा चालवून बघू’ म्हणू नये, बेअरिंग जातात. ब्रेक लायनिंग ड्रमच्या आतल्या पट्ट्यांवर असतं. ते झिजून रिव्हेट वर आले की ड्रमला चरे पडतात. मग लायनिंगच्या खर्चात ड्रमची टर्निंगही वाढते.

फाउंड्रीतलं लायनिंग म्हणजे भट्टीचं अस्तर. ओतीव लोखंडासाठीच्या इंडक्शन भट्टीला बहुधा सिलिका रॅमिंग मास घालतात, त्यात साधारण एक टक्का बोरिक ॲसिड. कोरडा मास थराथराने ठोकून बसवायचा आणि पहिली हीट हळूहळू चढवून भाजायचा. घाई केली, ओलावा राहिला किंवा थर नीट ठोकला नाही तर तडा जातो, आणि वितळलेलं लोखंड कॉइलपर्यंत पोचतं. कॉइलमध्ये पाणी असतं, पुढचं सांगायला नको.

पाइपलाइन टाकताना दुकानदार ‘किती किलोची लाइन?’ विचारतो. हे वजन आहे का?

वजन नाही, दाब. एका चौरस सेंटिमीटरवर पाइप किती किलोचा दाब सोसेल ते. हिशेब सोपा आहे: पाणी १० मीटर चढवायचं म्हणजे सुमारे १ किलो दाब. नदीपासून शेत ३५ मीटर उंच असेल तर नुसत्या चढाचेच साडेतीन किलो होतात. त्यात घर्षण आणि पंप बंद होताना बसणारा पाण्याचा दणका धरला की ४ किलोचा पाइप पुरत नाही, ६ चा घ्यावा. पुढे चढ कमी झाला की कमी किलोचा चालतो. सगळी लाइन एकाच किलोची टाकण्यात पैसे वाया जातात.

चर निदान तीन फूट खोल हवी, म्हणजे नांगर लागणार नाही. काळ्या जमिनीत पाइपाभोवती वाळू किंवा बारीक मुरूम भरावा. ती जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पाइप ओढते. लाइन जिथे उंचवट्यावरून जाते तिथे एअर व्हॉल्व्ह हवा. तो नसला की ‘लाइनीने हवा धरली’ ही तक्रार कायमची. सोल्यूशनचे जोड कोरड्या पाइपावरच करावेत आणि पाणी दुसऱ्या दिवशी सोडावं.

‘लाइन बंद केली’ हे वाक्य विहिरीवर कधी अर्धवट बोलू नये. व्हॉल्व्ह बंद केला की वीज? खाली उतरलेल्या माणसाला दोन्ही अर्थ सारखेच ऐकू येतात.

‘कुठल्या लाइनीत आहेस?’ याला काय उत्तर द्यायचं?

विचारणारा कोण त्यावर. नातेवाईक असेल तर धंदा विचारतोय: कपड्याच्या, हॉटेलच्या, फाउंड्रीच्या लाइनीत. माल पोचवणाऱ्याची लाइन म्हणजे वार ठरलेला रस्ता, सोमवारी निपाणी लाइन, मंगळवारी खानापूर लाइन. त्या दिवशी ऑर्डर चुकली की आठवडा गेला. ‘पोरगं लाइनीला लागलं’ म्हणजे नोकरीधंद्याला लागलं. ‘वाईट लाइनीला लागलं’ म्हणजे व्यसन किंवा संगत. ‘लाइन मारतो’ याला उत्तर नाही, गल्लीतल्या अक्का देतील ते.

पोलीस लाइन म्हणजे पोलिसांच्या घरांच्या रांगा. लष्करातही जवानांच्या बराकींना लाइन म्हणतात. कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात तो शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

आपल्या ‘लाइन’ चे कोणते वापर इंग्रजीत चालत नाहीत?

लाइट गेली या अर्थाने ‘द लाइन हॅज गॉन’ म्हटलं तर इंग्रजी माणसाला फोन बंद पडला असं वाटेल. तिथे ‘पॉवर’ म्हणावं. नोकरीला लागणे या अर्थीही लाइन नाही.

रांगेसाठी ब्रिटिश ‘क्यू’ म्हणतात, अमेरिकन ‘लाइन’. परीक्षेत दोन्ही बरोबर, पण एका निबंधात एकच ठेवा. नाटकातल्या ‘लाइन्स’ म्हणजे नटाची वाक्यं. ब्रिटिश शाळेत ‘लाइन्स’ ही शिक्षा, एकच वाक्य शंभर वेळा लिहायची. ‘ड्रॉप मी अ लाइन’ म्हणजे चार ओळी लिहून पाठव. ‘डेडलाइन’ चा उगम कठोर आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. आज शेवटची तारीख उलटली तर फार तर दंड बसतो.

कानडीत बोलताना काय म्हणायचं?

‘लैनु’ म्हटलं तरी कळतं, कानडी इंग्रजी शब्दांच्या शेवटी ‘उ’ जोडते, बस्सु, कारु तशीच. पण चारही अर्थांना तिच्याकडेही वेगळे शब्द आहेत: तार ती तंति, रेघ ती गेरे, रांग ती सालु, वाट ती दारि. नाडकचेरीत (कर्नाटकातल्या महसूल कचेरीत) ‘सालु’ ऐकलं तर रांगेत उभं राहायचं. बँकेत ‘साल’ ऐकलं तर सावध व्हायचं, तो शब्द कर्जाचा आहे. शेवटच्या उकाराचा फरक तेवढा, आणि मराठी कानाला दोन्हींत वर्षच ऐकू येतं.

लाइन की लाईन? ती की तो?

ती. ओळ, रेघ, रांग, दोरी, तार, वाट या साऱ्या स्त्रीलिंगी, त्यांच्याच घरात आल्यावर लाइनही ‘ती’ झाली असावी. अनेकवचन लाइनी. लेखनात दोन्ही रूपं दिसतात. मराठी शब्दांच्या नियमाने अकारान्ताआधीचा इकार दीर्घ हवा, म्हणून काही जण लाईन लिहितात; इंग्रजी उच्चार धरणारे लाइन. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. विभक्ती लागल्यावर वाद मिटतो: गरीब–गरिबाला तसं दोन्हींचं ‘लाइनीत’ च होतं.

ऑनलाइन अर्जात ‘ॲड्रेस लाइन १’ आणि ‘लाइन २’ असतं. काय भरायचं?

पहिल्या ओळीत घर नंबर आणि गल्ली, दुसरीत भाग, जवळची खूण किंवा गाव आणि पोस्ट. तालुका, जिल्हा, पिन यांना वेगळे रकाने असतील तर ते ओळींत पुन्हा लिहू नका. अक्षरांची मर्यादा संपते आणि गल्लीचं नाव मधेच तुटतं. जिल्हा कधीच गाळू नका. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, शहापूर ठाणे जिल्ह्यातही आहे आणि यादगीरमध्येही. जिल्ह्याचं नाव यादीत ‘बेळगाव’ सापडलं नाही तर ‘बेळगावी’ शोधा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नोंदीत तेच आहे. आधार कार्डावर जुनं स्पेलिंग असेल तर पत्ता आधारवर आहे तसाच भरावा, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो.